आजचा नकोबा

माझ्या वडिलांनी नेमकी काय चूक केली हे जाहीर करण्यासाठी एक बैठक ठरली, आणि तिचं आम्हाला रीतसर निमंत्रण आलं. दुपारची वेळ, मंडळाचं सभागृह, शेवटी चहापान. अहवाल तयार होता. त्या दिवशी तो मंजूर व्हायचा आणि मग पाणीपुरवठा मंडळाच्या प्रत्येक कंट्रोल रूममध्ये नव्या माणसांना शिकवला जायचा. म्हणजे यापुढे जो कोणी पंप चालवायला शिकेल, तो माझ्या बाबांची चूक पाठ करून शिकेल. माणसाचं नाव मागे उरण्याचे बरेच मार्ग मी पुस्तकांतून वाचले आहेत. हा राहून गेला होता.

अहवालाचं शीर्षक निमंत्रणातच छापलं होतं: 'मानवी चूक: एक अभ्यास'. गुन्हेगार कोण हे शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवणाऱ्या कादंबऱ्या मी आवडीनं वाचते. इथे लेखकांना मुखपृष्ठ उलटेपर्यंतही धीर धरवला नव्हता.

आईनं चष्मा लावून निमंत्रण दोनदा वाचलं आणि फ्रीजवर ठेवलं.

"तू जा," ती म्हणाली. "मी गेले आणि रडले तर ते पाण्याचा ग्लास पुढे करतील. नाही रडले तर म्हणतील, बाई दगड आहे. मला दोन्ही नको."

"मी जाऊन काय करू?"

"एवढंच बघ की ह्यांच्या नावापुढे चूक लिहून ती पोरांना शिकवू नये. बाकी मला त्यांच्याकडून काही नको."

दाराशी बाबांचे कामाचे बूट होते. मंडळानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवले होते, ओलेच. आईनं ते गॅलरीत वाळवले, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि नेहमीच्या जागी ठेवले. वाळल्यावर कातडं असं कडक झालं की बूट रिकामे वाटेनात. येता-जाता आम्ही दोघी त्यांना वळसा घालत होतो, आणि त्याबद्दल बोलत नव्हतो.

बाबा शहराला पाणी पोचवणाऱ्या केंद्रात शिफ्ट इन्चार्ज होते. त्यांची कंट्रोल रूम मी लहानपणापासून पाहिली आहे. लांबट खोली, एका भिंतीभर दिवे आणि पडदे, दुसऱ्या बाजूला काच आणि काचेखाली पंपांचा हॉल. एसी यंत्रांच्या तब्येतीला मानवेल असा लावलेला, त्यामुळे माणसं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. बाबांच्या शिफ्टमध्ये तिघं होती. बाबांना सगळे दादा म्हणत. दुसरे होते वकील. त्यांचा कोर्टाशी काही संबंध नव्हता. कपात चहा कमी आला तरी ते बाजू मांडायचे, म्हणून वकील. तिसरी गुळणी. पंपांचं टेबल तिच्याकडे. तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प बसायची, म्हणून हे नाव बाबांनीच ठेवलं, आणि तिनं त्यालाही हरकत घेतली नाही.

या खोलीत एक पद्धत होती. दुसऱ्या कुठल्या कंट्रोल रूममध्ये ती असल्याचं मी ऐकलेलं नाही. रोज तिघांपैकी एक जण 'नकोबा' असायचा. पंप चालू करणं, मोठा व्हॉल्व्ह उघडणं, असं काही करायचं असलं की बटण दाबण्याआधी त्यानं मोठ्यानं म्हणायचं: नको. आणि कारण द्यायचं. बाकीच्यांनी त्या कारणाला उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं तरच बोट बटणाकडे जायचं. कारण सुचलं नाही तर तेही मोठ्यानं कबूल करायचं, "नको, पण कारण नाही," आणि काम पुढे न्यायचं. नियम दोन्ही बाजूंना सारखा कडक.

नकोबासाठी वेगळी खुर्ची होती. तिचं एक चाक तुटलेलं, त्यामुळे ती डावीकडे कलायची. चांगली खुर्ची मागवा, असं वकिलांनी अनेकदा सुचवलं होतं. बाबा म्हणायचे, "ऐसपैस बसलेला माणूस नको म्हणत नाही."

ही पद्धत त्यांना नोकरीच्या सुरुवातीला सुचली होती. तेव्हाच्या इन्चार्जनं "करू या ना चालू?" असं विचारलं, खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पंप कोरडाच चालून जळला. टाकीत पाणी नसल्याचं प्रत्येकाला अर्धवट माहीत होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं पाहिलं असेल. "माना हलल्या आणि पंप गेला," हे बाबा इतक्या वेळा सांगत की आई भाजी चिरता चिरता वाक्य पुरं करायची.

घरीही हाच कायदा. फ्रीज घ्यायचा तेव्हा नकोबा मी होते. माझं लग्न ठरलं तेव्हा पाळी आईची होती. तिनं कारण दिलं, मी उत्तर दिलं, काम पुढे गेलं. तिचं कारण बरोबर होतं हे पुढे कोर्टात सिद्ध झालं, पण तो नियमाचा दोष नव्हे.

वकिलांना नकोबा झाल्यावर कारणांचा तोटा नसायचा. गुळणीला मात्र एकच सुचायचं. तिची पाळी असली की ती कललेल्या खुर्चीत अंग चोरून बसायची आणि दर वेळी म्हणायची, "नको. खाली कोण आहे?" मग वकील उसासा टाकून भिंतीवरचा फोन उचलायचे, खालच्या हॉलला विचारायचे आणि कळवायचे, "खाली कोणी नाही, बाईसाहेब. तुमच्या परवानगीनं शहराला पाणी पाजावं म्हणतो."

असं बरीच वर्षं चाललं. या काळात त्यांच्या शिफ्टमध्ये सांगण्यासारखं काही घडलं नाही. न घडलेल्या गोष्टींची मोजदाद कुठे होत नसते, म्हणून मंडळाच्या लेखी ती शिफ्ट सामान्य होती.

मग तज्ज्ञ आले. मंडळाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं होतं. कंट्रोल रूममधली माणसं एकत्र कशी काम करतात याचा अभ्यास करून मानवी चुका कमी करणं, हा त्यांचा विषय. माणूस सभ्य होता. आवाज मऊ, शर्ट पांढरा, आणि हातात मोजणीचं एक छोटं यंत्र, बस कंडक्टरच्या चिमट्यासारखं टक् वाजणारं. ते कोपऱ्यात उंच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी इथे नाहीच असं समजून काम करा."

"जमेल," वकील म्हणाले. "मोठे साहेब येतात तेव्हा तेच करतो."

बाबा संध्याकाळी घरी येऊन जेवताना सगळं सांगायचे.

"आज काय मोजलं त्यानं?" आई विचारायची.

"आमचे नको. कुणी नको म्हटलं की टक् करतो."

"आणि हो म्हटलं की?"

"होचं यंत्र अजून निघालं नसावं."

तज्ज्ञांचे निष्कर्ष महिन्याभरात आले. संघात नकारात्मक संवादाचं प्रमाण चिंताजनक आहे. एकच शंका पुन्हापुन्हा काढली जाते, आणि तिचं उत्तर जवळजवळ नेहमी 'खाली कोणी नाही' असंच येतं. सबब ती शंका निरर्थक आहे. असमतोल खुर्ची कर्मचाऱ्यांच्या पाठीला धोकादायक आहे. माणसं एकमेकांशी बोलतात आणि त्यामुळे विचलित होतात.

उपायही लगेच झाले. नकोबा बंद. तिघांच्या टेबलांमध्ये काचेच्या भिंती उभ्या राहिल्या, कानांवर हेडफोन चढले. भिंतीवरचा फोन निघाला. खाली काय चाललंय ते आता पडद्यावर सूचना म्हणून उमटणार होतं, इतर सगळ्या सूचनांच्या रांगेत. सूचना आली की 'पाहिले' दाबायचं, काम असलं की 'मंजूर'. मोडकी खुर्ची भांडारात गेली आणि तिच्या जागी पाठीला, मानेला आणि बहुधा सदसद्विवेकालाही आधार देणाऱ्या खुर्च्या आल्या.

बाबांनी आक्षेप घेतला. तो नोंदवला गेला तो असा: 'बदलास विरोध, वयोमानानुसार स्वाभाविक.'

"तुम्ही स्पष्ट का नाही सांगितलंत?" मी त्यांना विचारलं. माझ्या आवाजात, मला आठवतंय, पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची ऐट होती.

"सांगितलं की. मी म्हटलं, नको. त्यानं टक् केलं."

दुसऱ्या महिन्यात निकाल लागला. विनंती आल्यापासून बटण दाबेपर्यंत जो वेळ लागायचा, तो इतका घटला की त्याचा आलेख मुलांच्या घसरगुंडीसारखा दिसत होता. शिफ्टचा सत्कार झाला. गटाच्या फोटोत बाबा डावीकडे किंचित कललेले आहेत. सवय असावी.

पुढचं मी थोडक्यात सांगते. सकाळची वेळ होती. तळाच्या चेंबरमध्ये एका पाइपलाइनचं तोंड उघडून दोन फिटर दुरुस्ती करत होते. काम शिफ्ट बदलण्याआधी संपायचं होतं, लांबलं. लांबल्याची सूचना पडद्यावर आली, इतर सूचनांमध्ये: एसीचा फिल्टर बदला, पार्किंगचा दिवा गेला आहे, सुरक्षा सप्ताहाची घोषवाक्यं पाठवा, चेंबरमधलं काम चालू. तिघांनीही सगळ्यांवर 'पाहिले' दाबलं. थोड्या वेळानं शहराच्या वरच्या भागातून पाण्याचा दाब वाढवण्याची विनंती आली. बाबांनी 'मंजूर' दाबलं. गुळणीनं पंप चालू केला. तज्ज्ञांच्या आलेखाप्रमाणे हे सगळं अत्यंत चपळाईनं झालं.

उघड्या तोंडातून पाणी चेंबरमध्ये शिरलं. वायरलेसवर ओरडणं ऐकू आलं तेव्हा गुळणीनं पंप बंद केला, पण पाइपमध्ये आधीच भरलेलं पाणी उतरत राहिलं. बाबा हेडफोन फेकून खाली धावले. एका फिटरला त्यांनी शिडीवर चढवलं. दुसऱ्याचा पाय अडकला होता. तो सोडवून त्याला खालून ढकलून वर काढलं. बाबांना ढकलायला खाली कोणी नव्हतं.

एवढंच.

तेराव्याला काय करायचं, कुणाला बोलवायचं, हे आईनं एका वाक्यात उडवून लावलं, त्यामुळे भेटायला येणारे आपापल्या सवडीनं येत राहिले. बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, वकील आणि गुळणी आले. दाराशी चपला काढताना वकिलांची नजर बुटांवर गेली आणि ते आपल्या चपला हातात धरून तसेच उभे राहिले. आईनं त्या घेऊन बाजूला ठेवल्या.

"वहिनी," बसल्यावर ते म्हणाले, "अहवालात दादांच्या नावावर दोन चुका आहेत. एक, खात्री न करता मंजुरी दिली. दोन, जागा सोडली."

"कुठली जागा?" आईनं विचारलं.

"कंट्रोल रूममधली. इन्चार्जनं पॅनल सोडून जायचं नसतं."

"मग त्या दोघांना बाहेर कुणी काढायचं होतं?"

"त्याबद्दल अहवालात काही नाही."

आई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला. गुळणी गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. वकिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले.

"पोरी, रागावू नकोस. पण विचार कर. दादांवरची चूक काढायला गेलीस तर ती कुठेतरी टेकवावी लागणार ना? चूक काही हवेत तरंगत नाही. बटण हिनं दाबलंय. हिची दोन पोरं शाळेत आहेत. दादा… म्हणजे, दादांना आता कोण काय करणार आहे?"

"म्हणजे मेलेला माणूस सोयीचा."

"मी तसं म्हटलं का?"

"वकीलकाका, तुम्ही आयुष्यभर चहाच्या कपासाठी भांडलात."

ते गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्यातून काही समाधान मिळालं नाही.

गुळणीनं मान वर न करता म्हटलं, "ताई, माझ्यावर लिहू दे. मला चालेल."

"तुला काय चालतं ते तुला कोणी विचारलंय?" आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. "ह्यांची चूक पुसून ती ह्या पोरीच्या कपाळी लावायची असेल तर मला नको. ते वर बसून मला टक् करतील."

हसावं की नाही हे कुणालाच कळेना. वकिलांनी कप उचलला, आत पाहिलं, आणि चहा कमी असूनही काही बोलले नाहीत.

म्हणजे मला काय हवं होतं ते आता अगदी स्पष्ट होतं: चूक बाबांच्या नावावर राहू नये, आणि गुळणीच्या नावावर जाऊ नये. ज्या जागी ती खरोखर होती तिथेच ती लिहिली जावी, एवढी साधी अपेक्षा. अशा साध्या अपेक्षांवर जगात बरीच जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत आणि त्यांपैकी फारच थोड्यांचा शेवट गोड आहे.

सभागृहात पोचले तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. निमंत्रण पाठवताना कुटुंबीय मोजले होते, खुर्च्या मांडताना विसरले होते. मोठे साहेब दिलगिरी व्यक्त करत इकडेतिकडे पाहू लागले.

"मी आणतो," वकील म्हणाले आणि बाहेर गेले.

ते बऱ्याच वेळानं परतले, ते खुर्ची ढकलत. खुर्ची डावीकडे कलत होती आणि फरशीवर तिचं तुटकं चाक घासत होतं. भांडारातली धूळ अजून पाठीवर होती. पुढच्या रांगेत बसलेल्या गुळणीनं तो आवाज ओळखून मान वळवली.

"चांगली नव्हती का एखादी?" साहेब म्हणाले.

"हीच होती, साहेब," वकील म्हणाले आणि रुमालानं बैठक झटकून माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी बसले. पाय जमिनीला नीट टेकेनात. पाठीला आधार म्हणून नाही. बाबा काय म्हणत होते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर मी ते एक चांगलं वाक्य म्हणून लक्षात ठेवलं होतं.

तज्ज्ञांनी दिवे मंद करून सादरीकरण केलं. पडद्यावर रंगीत चौकोन होते, चौकोनांतून बाण निघत होते. 'यंत्रणा' नावाच्या चौकोनातून, 'प्रशिक्षण'मधून, 'संवाद'मधून निघून सगळे बाण एका लाल गोलाकडे जात होते. गोलात लिहिलं होतं: शिफ्ट इन्चार्ज. बाबांना इतकं महत्त्व मंडळानं याआधी कधी दिलं नव्हतं.

"यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही," तज्ज्ञ मऊ आवाजात म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. तिच्यावर दोष क्रमानं लिहिलेले होते.

शेवटी दिवे लागले. मोठे साहेब उठले. आधी त्यांनी बाबांच्या निष्ठेबद्दल चार शब्द सांगितले. ते खरंच चार होते असं म्हटलं तरी चालेल. मग म्हणाले, "तर अहवाल मंजूर करू या ना?"

माना हलल्या. पुढची रांग, मागची रांग, भिंतीला टेकून उभे राहिलेले. सगळ्या एका लयीत, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वारा सरकावा तशा. हे दृश्य मी कधीच पाहिलेलं नव्हतं आणि तरी मला ते पाठ होतं.

"नको," मी म्हटलं.

माझा आवाज फार मोठा नव्हता. पण वकिलांनी डोळे मिटले आणि गुळणी सरळ बसली.

"बोला ना, बोला," साहेब म्हणाले. "कुटुंबीयांच्या भावना आम्ही जरूर नोंदवून घेऊ."

"भावना नाही. कारण आहे." मी उठायचा विचार केला आणि मग खुर्चीतच राहिले. "पंप चालू करण्याआधी खाली कोण आहे, हे कुणी विचारायचं होतं?"

"अर्थातच शिफ्ट इन्चार्जनी," तज्ज्ञ म्हणाले.

"ते रोज विचारायचे. तुम्ही मोजत होतात."

"ती पद्धत…" त्यांनी कागद चाळले. "ती निष्प्रभ असल्याचं आढळलं होतं. उत्तर जवळजवळ नेहमी 'कोणी नाही' असंच यायचं."

"जवळजवळ."

"हो."

"त्या जवळजवळमध्ये किती माणसं मावतात?"

तज्ज्ञांनी कागद खाली ठेवले. हातात यंत्र असतं तर बोटांना काही काम तरी मिळालं असतं. मी काही विजयी झाले नव्हते. मला एकदम फार थकवा आला.

मोठे साहेब अनुभवी होते. "आपण भूतकाळातल्या पद्धतींची चर्चा इथे नको करायला," ते म्हणाले. "कुटुंबीयांचा आग्रहच असेल तर इन्चार्जचा उल्लेख सौम्य करता येईल. मात्र मग ज्यांनी प्रत्यक्ष पंप चालू केला त्यांची जबाबदारी…" आणि त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं, गुळणीकडे.

"तेही नको," मी म्हटलं.

"असं सगळ्यालाच नको कसं म्हणता येईल, ताई?"

तेव्हा गुळणी उठली. तिला दोन वाक्यं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांनी तर तिचा आवाजच ऐकला नसावा, कारण तो कुठून येतोय हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

"मीच दाबलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी पाळी माझी होती."

"कसली पाळी?"

"नकोबाची. बंद केलं तरी आम्ही मनात पाळी मोजत होतो. आज तुझी, उद्या माझी. नुसतं मनात. हेडफोन असतात ना." ती थांबली. तिनं दोन्ही हात पुढच्या टेबलावर टेकवले. "मला एकच विचारता यायचं, साहेब. सगळे हसायचे. खाली कोण आहे. दुसरं कारण मला कधी सुचलंच नाही. खुर्ची असती तर मी त्या दिवशीही तेच विचारलं असतं. वकीलसाहेबांनी फोन केला असता."

"आणि उत्तर आलं असतं," वकील म्हणाले. ते मागे भिंतीपाशी उभे होते. "आक्षेपाला उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नसतं. आमच्या खोलीत तरी जात नव्हतो. कुणी देतंय का उत्तर? मी थांबतो. मला घाई नाही."

कुणी दिलं नाही. सभागृहात इतकी शांतता पसरली की तज्ज्ञांच्या व्याख्येप्रमाणे ती आदर्श कंट्रोल रूम झाली होती. शेवटी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, अहवाल फेरविचारासाठी परत घेत असल्याचं सांगितलं आणि चहापानाला चला म्हणाले. चहाच्या टेबलाशी वकिलांनी आपल्या कपात डोकावून मोठ्यानं विचारलं, "याला कप म्हणतात की डोळ्यात घालायचं औषध?" मी हसले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि ते माझ्या लक्षात घरी आल्यावर आलं.

सुधारित अहवाल पोस्टानं आला. मी तो जेवणाच्या टेबलाशी बसून आईला वाचून दाखवला. लाल गोल गेला होता. बाबांच्या नावावर चूक नव्हती, गुळणीच्या नावावरही नव्हती. अपघाताचं कारण होतं, 'निर्णयप्रक्रियेतील रचनात्मक असहमतीचा अभाव'. हा अभाव कुणी निर्माण केला ते लिहिलेलं नव्हतं. अभाव आपोआप होतात. उपाय म्हणून तज्ज्ञांनी स्वतःचं एक नवं प्रारूप सुचवलं होतं. प्रत्येक शिफ्टमध्ये आळीपाळीनं एक 'असहमती समन्वयक' नेमावा. कुठलंही मोठं काम करण्याआधी त्यानं सकारण विरोध करावा. त्याच्यासाठी खास बनावटीचं 'सजगता आसन' मागवण्यात येत आहे. ते एका बाजूला किंचित कललेलं असेल. आणि भिंतीवर, आपत्कालीन संपर्कासाठी, एक फोन.

आई ऐकत होती.

"ह्यांचं नाव आहे?"

"चुकीत नाही."

"आणि त्या शोधात?"

"तिथेही नाही."

तिनं थोडा विचार केला. "असू दे. पोरं विचारतील ना, खाली कोण आहे?"

"विचारतील."

"मग झालं." ती उठली, ताटं उचलली, आणि सिंकशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "ते बूट आता देऊन टाकू या. खालच्या वॉचमनच्या मापाचे आहेत. चांगलं कातडं आहे, उगाच फुकट जाईल."

मी दाराकडे पाहिलं.

"आज नकोबा कोण?" तिनं विचारलं.

घरात आता दोघीच होतो आणि ठराव तिचा होता. हिशोब सोपा होता.

"मी," मी म्हटलं. आणि मग, "नको."

"कारण?"

मी शोधलं. बूट कुणाच्या तरी कामाला येणार होते. दाराशी ते अडचण करत होते. बाबांना वस्तू पडून राहिलेली आवडत नसे. मी आयुष्यभर इतकं वाचलं आहे, त्यातलं एक वाक्य माझ्या मदतीला आलं नाही.

"कारण नाही," मी कबूल केलं.

आईनं नळ बंद केला. हात पुसले. दाराशी गेली, वाकली, बूट उचलले, त्यांतले वर्तमानपत्राचे जुने बोळे काढून टाकले. मग कपाटावरून आजचा पेपर घेतला, त्याचे नवे बोळे करून आत कोंबले आणि बूट होते तिथेच ठेवले.

नियमाप्रमाणे कारण नसेल तर काम पुढे न्यायचं असतं. तिनं नेलं नाही. याला मानवी चूक म्हणतात.